आपला जोड, परक्याची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत, भारतासह अनेक देश मिळून फ्रान्समध्ये बांधत असलेल्या ‘ईटर’ प्रकल्पाबद्दल एक पत्र आले. लिहिणाऱ्यांचे म्हणणे असे, की सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर तयार करू ही भाषा आपण सत्तर वर्षे ऐकतो आहोत. जे यंत्र २०१६ साली चालू व्हायचे होते ते आता २०३४ वर गेले. त्यात नळ्यांना भेगा निघाल्या आणि बसवलेला भाग उचलून बाहेर काढावा लागला. तेव्हा भारताने त्यातून अंग काढून घ्यावे आणि तो पैसा सोलरला द्यावा. पत्र तळमळीने लिहिले आहे आणि त्यातल्या तारखा बरोबर आहेत. पण भेगांचा जो अर्थ त्यांनी लावला तो मला पटला नाही. भेगा शोधणे हा माझ्या पोटापाण्याचा धंदा होता, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. पत्र लांबले तर जरूर कापा, फक्त भेगांचा भाग ठेवा.

मी आयटीआय झालेला माणूस. आधी फिटर, मग वेल्डची तपासणी शिकलो आणि एकतीस वर्षे तेच केले. रेडिओग्राफी, अल्ट्रासॉनिक, डीपी टेस्ट (रंग लावून भेग उघडी करायची), हेलियम लीक टेस्ट. शेवटची काही वर्षे सुरतजवळ हजिऱ्याला काढली. तापी जिथे समुद्राला मिळते तिथे लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आहे. ईटरचे ‘क्रायोस्टॅट’ नावाचे बाहेरचे भांडे तिथे घडले आणि त्याच्या जोडांपैकी थोडे जोड माझ्या हाताखालून गेले.

हे भांडे डोळ्यांपुढे उभे करायचे तर आधी थर्मास आठवावा. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून आतला चहा गरम राहतो. ईटरमध्ये वायू पंधरा कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आहे आणि त्याला भिंतीपासून दूर अधांतरी धरून ठेवणारे चुंबक उणे २६९ अंशांवर गार ठेवायचे आहेत. दोन्ही एकाच यंत्रात, काही मीटरच्या अंतरावर. म्हणून सगळ्याभोवती एक प्रचंड पोकळ भांडे आणि त्यात निर्वात. स्टेनलेस स्टीलचे, सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढेच रुंद, ३,८५० टनांचे. दहा मजली इमारत आत उभी राहील एवढे. त्याच्या कुठल्याही जोडातून हवा शिरली की चुंबक गार राहायचे नाहीत, आणि चुंबक गार नसले तर बाकी सगळे यंत्र निरुपयोगी. हे भांडे बनवून देणे हा भारताच्या वाट्याचा सगळ्यात मोठा भाग होता.

एवढे भांडे एका तुकड्यात कोण नेणार? ते ५४ तुकड्यांत बनले. मार्सेलजवळच्या फोस बंदरावर जहाज लागायचे आणि पुढचे १०४ किलोमीटर खास रुंद केलेल्या रस्त्याने रात्रीच्या वेळी माणसाच्या चालीने ट्रेलर जायचे. तिथल्या कार्यशाळेत तुकडे पुन्हा जोडले गेले. मी काही फ्रान्सला गेलो नाही. आमच्यातले काही जण गेले, तिथे जर्मन कंपनीच्या वेल्डरांबरोबर राबले. २०२० च्या मे महिन्यात, इकडे आपण सगळे घरात कोंडलेलो असताना, १,२५० टनांचा तळ तिथल्या खड्ड्यात उतरवला गेला. मी तो मोबाइलवर पाहिला. क्रेन इतकी सावकाश खाली येत होती की हलते आहे हे कळतच नव्हते. माझी बायको म्हणाली, अहो, चित्र अडकलंय.

आता मूळ विषयावर येतो. परदेशी सहकार्य म्हटले की डोळ्यांपुढे येतात झेंडे, करारावरच्या सह्या आणि मंत्र्यांचे फोटो. तो करार २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसला झाला आणि भारताच्या वतीने सही डॉ. अनिल काकोडकरांनी केली, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण सहकार्य म्हणजे काय हे मला कळले ते हजिऱ्याच्या शेडमध्ये. स्वतः केलेल्या जोडावर परक्या माणसाला प्रोब, म्हणजे ध्वनी सोडून आतला दोष टिपणारे हातातले उपकरण, फिरवू देणे, आणि तो जे सांगेल ते कागदावर लिहून घेणे, म्हणजे सहकार्य.

तिथे माझ्या सहीने काहीच संपत नसे. मी अहवाल लिहायचा, मग आमचा वरिष्ठ, मग गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या ईटर-इंडियाचा माणूस, मग फ्रान्सहून आलेला. एखाद्या जोडाबद्दल शंका आली की त्याच जागेवर चौघे उभे. जाड स्टेनलेसच्या वेल्डमध्ये अल्ट्रासॉनिक करणे कटकटीचे काम असते. आतले दाणे मोठे असतात, ध्वनी विखुरतो आणि स्क्रीनवर नुसते गवत उगवते. त्या गवतातली एक काडी खरा दोष आहे की नुसता आवाज, हे ठरवायचे. एकदा मी ‘ओके’ म्हटलेल्या जागेवर बाहेरून आलेल्या तपासनिसाने दुसऱ्या कोनाचा प्रोब लावला आणि म्हणाला, इथे उघडा. मला राग आला. उघडले, तर आत तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी होती. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने मला त्याची प्रोबची मांडणी दाखवली, मी माझ्या वहीत काढून घेतली. पुढे आमच्या पोरांना मी तीच शिकवली.

स्वच्छतेचे वेडही तिथेच पाहिले. स्टेनलेसच्या त्या शेडमध्ये साध्या लोखंडाचा ब्रश आणायचा नाही. ग्राइंडिंगची चाके वेगळी. खुणा करायचा मार्कर क्लोराइड नसलेला, डीपीचे रसायन क्लोराइडची मर्यादा पाळणारे, पुसायचे पाणीसुद्धा तपासलेले. घामाचा हात लागू नये म्हणून पांढरे हातमोजे, आणि बाहेर खारा वारा. नव्या पोरांना हे थोतांड वाटायचे. मला वाटत नव्हते. त्याचे कारण सांगतो, म्हणजे ईटरच्या भेगांपर्यंत येता येईल.

१९९४ साली मी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात तपासणीला होतो. नाव लिहीत नाही. स्टेनलेसची एक गरम लाइन होती, तिच्यावर लोकर आणि पत्र्याचे आवरण. पावसाळ्यात पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत झिरपायचे, लोकर भिजायची, लोकरीतले क्लोराइड नळीवर साचायचे. स्टेनलेस गंजत नाही असे आपण समजतो. पण उष्णता, ताण आणि क्लोराइड असे तिन्ही जमले की ते चमकदार राहूनच फाटते. मी एका जागचे आवरण काढून डीपी केली. लाल रंग लावला, पुसला, पांढरी पावडर मारली, आणि पाच मिनिटांत त्या पांढऱ्यावर झाडाच्या मुळ्यांसारख्या बारीक फांद्या फुटलेल्या लाल रेघा उमटल्या. नळी हाताला गुळगुळीत लागत होती. मी अहवाल दिला. शटडाऊनला बघू, असे उत्तर मिळाले आणि अहवाल खणात गेला. मी पुन्हा विचारायला गेलो नाही. माझे बिल निघायचे होते. एकोणिसाव्या दिवशी लाइन फुटली. एका ऑपरेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. लाइन बदलली तेव्हा मी त्या नळीचा वीतभर तुकडा मागून घेतला, तो आजही माझ्या कपाटात आहे.

ईटरमध्ये जे झाले ते याच जातीचे होते. यंत्राच्या आत, गरम भाग आणि गार चुंबक यांच्यामध्ये, चांदीचा मुलामा दिलेले पत्रे बसतात. ते थंड ठेवण्यासाठी त्यांच्यावर बारीक नळ्या वेल्ड केलेल्या असतात. सगळ्या मिळून २३ किलोमीटर. नोव्हेंबर २०२१ मध्ये हेलियम लीक टेस्टमध्ये एका पत्र्यावर गळती सापडली. शोध घेतला तर नळीच्या वेल्डजवळच्या फटीत अडकलेले क्लोराइड आणि त्यातून पडलेल्या भेगा. माझ्या कोकणातल्या लाल रेघांच्याच या बहिणी. त्याशिवाय ज्यात तो तापलेला वायू राहणार त्या आतल्या मुख्य पात्राच्या भागांच्या कडा मापात नव्हत्या, हा दोष वेगळा.

ही गोष्ट त्यांनी खणात टाकली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये साऱ्या जगाला सांगितली. भेग कुठे, किती खोल, कशामुळे, हे तेव्हा माझ्यासारख्या माणसाला कराडमध्ये बसून वाचता आले. त्याआधीच, २०२२ च्या मे महिन्यात, त्या मुख्य पात्राचा पहिला मोठा भाग खड्ड्यात बसवून झाला होता. तो २०२३ च्या जुलैमध्ये पुन्हा उचलून बाहेर काढला. नळ्या बदलल्या, कडा वेल्डने भरून पुन्हा मापात आणल्या, आणि २०२५ पासून दुरुस्त झालेले भाग परत खाली बसू लागले. आपल्या वाचकांनी पहिल्या अर्ध्यावर पत्र लिहिले. दुसरा अर्धा आपल्या अंकात मला दिसला नाही, म्हणून त्यांना दोष देत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. वेल्डच्या धंद्यात झाकलेल्या मुठीने माणसे भाजतात. एकट्या देशाचा, एकट्या कंपनीचा प्रकल्प असता तर तो अहवाल कदाचित खणात गेला असता, मी ते जवळून पाहिले आहे. इथे ते सोपे नव्हते, कारण एकाने बनवलेला भाग दुसऱ्याच्या भागाला जोडायचा आहे आणि तिसऱ्याचा माणूस मीटर घेऊन उभा आहे. यंत्राचे अठरा मोठे उभे चुंबक युरोप आणि जपानमध्ये बनले, मधला उभा चुंबक अमेरिकेत, आडव्या कड्यांपैकी एक चीनमध्ये. रशियाने आपल्या वाट्याचे कडे नोव्हेंबर २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून जहाजावर चढवले, युक्रेनचे युद्ध पेटलेले असताना, आणि ते फ्रान्सला पोचले. बाकी सगळी दारे बंद होत होती तेव्हा हे एक उघडे राहिले.

हे आजचेही नाही. ज्या यंत्राच्या धर्तीवर ईटर बांधले जाते आहे त्याला ‘टोकामाक’ म्हणतात. शब्द रशियन आहे. १९६८ मध्ये रशियनांनी नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सांगितले, की आमच्या टी-३ यंत्रात वायू एक कोटी अंशांच्या आसपास तापला. बाहेरच्यांचा विश्वास बसेना. तेव्हा रशियन शास्त्रज्ञ लेव आर्त्सिमोविच यांनी इंग्लंडच्या कलम प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना निमंत्रण दिले: तुमचे लेसरचे उपकरण घेऊन या आणि स्वतः मोजा. शीतयुद्धाचे दिवस, मॉस्कोतली अणुसंशोधनाची संस्था, आणि तिथे इंग्रज माणसे पाच टन सामान घेऊन गेली. १९६९ मध्ये त्यांनी मोजले आणि जाहीर केले की रशियनांचे आकडे खरे आहेत. त्यानंतर सगळ्या जगाने टोकामाक बांधायला घेतले. आमच्या भाषेत याला थर्ड पार्टी इन्स्पेक्शन म्हणतात. हे सगळे मी निवृत्तीनंतर वाचले. वाचताना हजिऱ्याच्या शेडमधला तो दुसऱ्या कोनाचा प्रोब आठवला.

आणि सत्तर वर्षांच्या भाषेबद्दल. ती भाषा सुरू करणाऱ्यांत आपला माणूस होता. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिचे अध्यक्ष मुंबईचे डॉ. होमी भाभा. पुढच्या वीस वर्षांत या ऊर्जेवर ताबा मिळवण्याची रीत सापडेल, असे ते अध्यक्षपदावरून म्हणाले. ते भाकीत चुकले, हे सरळ मान्य केले पाहिजे. पण त्या वेळी अमेरिका, इंग्लंड आणि रशिया तिघेही हे काम आपापल्या देशात कुलूपबंद करून बसले होते. भाभांनी ते उघड सभेत उच्चारले. पुढच्याच वर्षी रशियाचे कुर्चातोव इंग्लंडमध्ये हार्वेलला जाऊन आपले काम सांगून आले आणि १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत सगळ्यांनी आपापली कपाटे उघडली. तेव्हा भाभांचे साल चुकले, पण उघडपणाची वाट धरण्यात ते चुकले नाहीत.

प्रगती झालीच नाही, हेही खरे नाही. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या युरोपच्या सामाईक यंत्राने १९९७ मध्ये काही क्षण १६ मेगावॉट गाठले, २०२१ मध्ये पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल आणि २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली, आणि त्याच वर्षअखेर ते यंत्र निवृत्त झाले. ईटरचे उद्दिष्ट, ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मेगावॉट मिळवायची. त्यातून वीज बनणार नाही, ते प्रयोगाचेच यंत्र आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या इंधनांवरचा खरा प्रयोग नव्या वेळापत्रकाप्रमाणे २०३९ चा आहे. मी तेव्हा असेन की नाही सांगता येत नाही.

सोलरबद्दल मी आणि ते वाचक एकाच बाजूला आहोत. माझ्या गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेल आहेत आणि बिल जवळपास शून्यावर आले आहे. पण पॅनेल रात्री झोपतात आणि आषाढात आमच्या भागात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हेही मी रोज मीटरवर पाहतो. सोलर आज लावायचेच, आणि नातवंडांच्या काळातल्या पावसाळी रात्रीसाठी दुसरे काहीतरी आज शोधायला घ्यायचे. घरात आपण हेच करतो. चालू खर्चही भागवतो आणि आंब्याचे रोपही लावतो.

आता पैशाचे. पत्रात असे ध्वनित होते की पैसा फ्रान्सला जातो. भारताचा वाटा बांधणीच्या खर्चाच्या ९.१ टक्के, युरोपचा ४५.६. पण वाट्याचा बराचसा भाग रोख नसून वस्तूंच्या रूपाने द्यायचा असतो. म्हणजे क्रायोस्टॅटचा पैसा हजिऱ्याच्या वेल्डरांच्या, रिगरांच्या, क्रेनवाल्यांच्या घरी आला. त्यात सांगली, सातारा, जळगावची पोरे होती, आमच्या मेसमध्ये शनिवारी पिठले-भाकरी व्हायची. आणि ९.१ टक्के देऊन तिथे तयार होणारे शंभर टक्के ज्ञान भारताला वापरता येते, कराराचा पायाच तो आहे. माझ्या वहीतली ती प्रोबची मांडणी हा त्यातलाच एक कण समजा.

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. आमचे काम संपले आणि त्या शेडमधली माणसे पांगली. जाड स्टेनलेसचा जोड गवतातून वाचता येणारा एक पोरगा आज एका शहरात चारचाकीच्या विम्याचे काम करतो. दुसरा आखातात आहे. तिसऱ्याने गावी दुकान टाकले. अशी नजर तयार व्हायला दहा वर्षे लागतात. यांना जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये आठवड्यातून दोन दिवस तरी बोलवा, मानधन द्या, त्यांच्या वह्या पोरांपुढे उघडू द्या. कराडच्या आसपासच्या कारखान्यांतले बॉयलर, डेअऱ्यांतली स्टेनलेसची टाकी, उद्याचे हायड्रोजनचे सिलिंडर, सगळीकडे हाच जोड आणि हीच भेग आहे. मी स्वतः दोन ठिकाणी विनामूल्य शिकवायची तयारी कळवली. एकीकडून उत्तर आले नाही, दुसरीकडे म्हणाले, पदवी नाही. राज्य सरकारच्या कौशल्य विभागापर्यंत एवढी ओळ आपल्या पत्राने पोचली तरी पुष्कळ झाले.

आणि आपल्याला एक विनंती. भेग सापडल्याची बातमी पहिल्या पानावर येते, ती भेग शोधली कशी आणि भरली कशी हेही छापत जा. आमच्या धंद्यातली पोरे वर्तमानपत्र वाचतात. भेग दाखवणाऱ्याची बातमी झाली तर उद्या कोणी अहवाल खणात टाकताना थांबेल.

क्रायोस्टॅटचे झाकण ३० जून २०२० रोजी हजिऱ्याहून निघाले. ते तिकडे जोडून झाले, गुंडाळून ठेवले आहे. सगळे यंत्र आत बसल्याशिवाय ते वर चढणार नाही, त्याला अजून बरीच वर्षे आहेत. माझी नात पाचवीत आहे, तिला मी ते फोटोत बोटाने दाखवतो.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिले ते कराडच्या बाजूला कधी आले तर त्यांनी घरी यावे. पत्ता आपल्याकडे आहे, त्यांना जरूर द्यावा. कोकणातल्या नळीचा तो तुकडा मी त्यांच्या हातात देईन. आधी बोट फिरवून बघा म्हणेन, काही लागणार नाही. मग आपण दोघे मिळून लाल रंग लावू, पुसू, पावडर मारू आणि पाच मिनिटे थांबू. तेवढ्यात चहा होईल.

आपला,
एक निवृत्त वेल्ड तपासनीस,
कराड, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये)